जहाजाच्या धुराचा खर्च भाड्यात कसा येतो: बेळगावातून युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी सविस्तर हिशेब

उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्यातून युरोपला जाणाऱ्या कास्टिंगच्या कंटेनरचं कोटेशन नीट पाहिलं, तर मूळ समुद्रभाड्याच्या खाली चार-पाच ओळी दिसतात. बंकर (जहाजाचं इंधन), लो सल्फर (कमी गंधकाचं इंधन), ईटीएस आणि फ्युएल-ईयू (युरोपचे उत्सर्जनाचे नियम), कधी नुसताच 'एमिशन सरचार्ज'. नावं कंपनीगणिक बदलतात. माल पाठवायची व्यवस्था पाहणारा एजंट, म्हणजे फॉरवर्डर, खाली बेरीज देतो, कारखानदार ती बेरीज बघतो आणि घासाघीस होते ती मूळ भाड्यावर. खालच्या ओळी सरकारी कर असल्यासारख्या कुणी हात न लावता तशाच मंजूर होतात.

त्या कर नाहीत. नियमांमुळे जहाज कंपनीवर जो खर्च पडतो, तो ती आपल्या पद्धतीने कंटेनरांवर वाटते. ती वाटणी वाजवी आहे की नाही हे कागद, कॅल्क्युलेटर आणि तीन प्रश्न यांच्या जोरावर तपासता येतं: जहाज कुठून जातं, किती इंधन जाळतं आणि खर्च किती कंटेनरांत वाटला? खालचा हिशेब पंप-व्हॉल्व्हच्या बॉडी पाठवणाऱ्या फाउंड्रीसाठी मांडला आहे. निपाणीची तंबाखू असो की खानापूर-चंदगडकडचा काजू, कंटेनर तोच आणि गणितही तेच.

आधी नियमांचे दोन गट वेगळे करा

पहिला गट आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा. जहाजांच्या प्रदूषणाबाबतच्या मार्पोल कराराचं सहावं परिशिष्ट २००५ पासून लागू आहे आणि जहाजाच्या धुराचे जगभरचे नियम त्यात आहेत. इंधनातल्या गंधकाची मर्यादा, नव्या जहाजांच्या इंधन-कार्यक्षमतेचा २०१३ पासूनचा निकष ईईडीआय, जुन्या जहाजांसाठीचा तसाच २०२३ पासूनचा ईईएक्सआय आणि वर्षभरातल्या कार्बनवरून दरवर्षी मिळणारी सीआयआय श्रेणी हे सगळं तिथलं. दुसरा गट युरोपीय संघाचा: २०२४ पासून ईटीएस, म्हणजे उत्सर्जनाचे परवाने विकत घेण्याची पद्धत, आणि २०२५ पासून इंधनाच्या प्रतीवरचा फ्युएल-ईयू.

हा भेद कामाचा आहे, कारण दोन्ही गट तुमच्यापर्यंत वेगवेगळ्या वाटेने पोहोचतात. युरोपचे नियम पैशांत येतात. आयएमओचा गंधकाचा नियम इंधनाच्या दरात येतो. ईईएक्सआय आणि सीआयआयसाठी कुणालाही शुल्क भरावं लागत नाही, ते दिवसांत येतात: जहाज हळू चालतं, माल उशिरा पोहोचतो. म्हणून बिलात कुणी 'सीआयआय सरचार्ज' लावलाच, तर कुठल्या नियमाखाली हे पैसे कुणाला भरले ते लेखी मागा.

पायरी १: गंधकाची ओळ

१ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधक ०.५० टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. त्याआधी ३.५० टक्के चालत होतं. धूर धुणारं यंत्र, म्हणजे स्क्रबर, बसवलं असेल तर स्वस्त जड तेल जाळता येतं. काही समुद्र नियंत्रण क्षेत्रात येतात, तिथे मर्यादा ०.१० टक्का आहे. बाल्टिक आणि उत्तर समुद्र, त्यातच इंग्लिश खाडी, तसंच उत्तर अमेरिकेचा किनारा आधीपासून या यादीत होते. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला.

इथे दोन चुका सर्रास सापडतात.

पहिली दुहेरी आकारणीची. २०२० साली 'लो सल्फर' ही वेगळी ओळ आली, कारण तोवरचा बंकर दर जुन्या स्वस्त तेलावर बेतलेला होता. आता बंकरची ओळच कमी गंधकाच्या तेलावर काढतात. अशा कोटेशनमध्ये दोन्ही ओळी दिसल्या तर फॉरवर्डरला एवढंच विचारा: बंकरचा दर कोणत्या तेलाच्या किमतीवर काढला आहे? उत्तर 'कमी गंधकाचं तेल' असं आलं, तर दुसऱ्या ओळीला आधार उरत नाही.

दुसरी मार्गाची. भूमध्य समुद्रासाठी वेगळी रक्कम लावली असेल, तर जहाज खरंच भूमध्यातून जातं का ते पाहा. न्हावा शेवाहून सुएझमार्गे निघालेलं जहाज पोर्ट सैद ते जिब्राल्टर हे सुमारे १,९०० सागरी मैल महागडं ०.१० टक्क्याचं तेल जाळतं. केप ऑफ गुड होपला वळसा घालून रॉटरडॅमला जाणारं जहाज भूमध्यात शिरतच नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजं या लांबच्या वाटेने जाऊ लागली. त्या जहाजावरच्या रॉटरडॅमच्या कंटेनरवर भूमध्याचा अधिभार बसत नाही. जिनोआ किंवा बार्सिलोनाला जाणाऱ्या कंटेनरवर बसतो.

पायरी २: ईटीएस, इथे वेळ द्या

युरोपीय संघाचा हा नियम ५,००० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना लागतो. जहाजाने सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे कंपनीला एक परवाना विकत घेऊन जमा करावा लागतो. परवान्याचा भाव बाजारात रोज बदलतो. किती टन धरायचे याचे नियम असे:

- युरोपातल्या एका बंदरातून युरोपातल्याच दुसऱ्या बंदरात: पूर्ण १०० टक्के.
- युरोपातल्या बंदरात उभं असताना: पूर्ण १०० टक्के.
- बाहेरच्या बंदरातून युरोपात किंवा उलट: ५० टक्के.
- २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण.
- २०२६ पासून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही धरायचे. साध्या जड तेलावर त्याने आकडा दीडेक टक्का वाढतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. साधारण ८,५०० टीईयूचं एक जहाज घेऊ. टीईयू म्हणजे २० फुटी कंटेनरइतकी जागा. वेग १६ नॉट, म्हणजे दिवसाला ३८४ सागरी मैल. दिवसाला ८० टन तेल, म्हणजे मैलाला सुमारे २०८ किलो. ८,५०० पैकी ७० टक्के, म्हणजे ५,९५० टीईयू भरलेले धरू. परवान्याचा भाव ७५ युरो आणि युरो १०० रुपये धरू. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या जहाजाचे घालून पुन्हा करा.

न्हावा शेवा ते रॉटरडॅम, सुएझमार्गे, मध्ये कुठेही न थांबता साधारण ६,४०० मैल:

- तेल: ६,४०० गुणिले २०८ किलो, म्हणजे सुमारे १,३३३ टन.
- कार्बन डायऑक्साइड: जड तेलाच्या टनामागे ३.११४ टन, म्हणून ४,१५२ टन.
- निम्मे धरून २,०७६ टन.
- ७५ युरोने १,५५,७०० युरो.
- ५,९५० ने भागून टीईयूमागे सुमारे २६ युरो, म्हणजे २,६०० रुपये.

हेच जहाज केपला वळसा घालून गेलं तर सुमारे १०,८०० मैल होतात. तेल २,२५० टन, कार्बन सुमारे ७,००० टन, आणि टीईयूमागे ४४ युरो. फरक फक्त वाटेचा. त्यामुळे केपच्या दराने आकारलेली रक्कम जहाज सुएझमार्गे परतल्यावर कमी झाली पाहिजे. ती आपोआप कमी होत नाही, मागावी लागते.

यापुढचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ५० टक्क्यांचा टप्पा न्हावा शेवापासून मोजला जातोच असं नाही. तो मोजतात युरोपबाहेरच्या शेवटच्या थांब्यापासून. जहाज वाटेत जेद्दाला माल चढ-उतार करत असेल, तर ईटीएसला जेद्दा ते रॉटरडॅम एवढाच टप्पा लागतो, साधारण ४,००० मैल. मग टीईयूमागे २६ चे १६ युरो होतात. तुमचा कंटेनर कोलंबो किंवा सलालाला उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवत असतील, तर न्हावा शेवा ते तिथपर्यंतच्या टप्प्याला ईटीएस अजिबात लागत नाही.

कंपन्या याच वाटेने पळवाट काढतील हे युरोपने आधीच ओळखलं. म्हणून ईस्ट पोर्ट सैद आणि मोरोक्कोतलं टँजर मेड या दोन बंदरांतला कंटेनरजहाजाचा थांबा 'थांबा' धरत नाहीत. जहाज ईस्ट पोर्ट सैदला थांबलं तरी हिशेब त्याच्या मागच्या बंदरापासूनच सुरू होतो.

युरोपात शिरल्यावर उलटा प्रकार. जहाज आधी रॉटरडॅमला आणि मग हॅम्बुर्गला जात असेल, तर मधले सुमारे ३०० मैल पूर्ण धरतात. आपल्या नमुन्यात त्याने टीईयूमागे अडीच युरोच्या आसपास भर पडते. हॅम्बुर्गचा दर रॉटरडॅमपेक्षा थोडा जास्त असणं म्हणूनच रास्त आहे. दीडपट असणं नाही.

म्हणून कोटेशन मागतानाच जहाजाच्या थांब्यांची क्रमवार यादी मागा. फॉरवर्डर तिला 'पोर्ट रोटेशन' म्हणतो आणि कंपनीच्या वेळापत्रकात ती असतेच. ही यादी हातात नसताना ईटीएसच्या आकड्यावर बोलण्यात अर्थ नाही.

हिशेब करताना चुकण्याच्या ठरलेल्या जागा अशा. जुन्या कोटेशनशी तुलना करताना वर्ष विसरलं जातं. आपल्याच नमुन्यात सुएझमार्गे २०२४ ला साडेदहा, २०२५ ला अठरा आणि २०२६ ला सव्वीस युरो येतात, तेही परवान्याचा भाव तोच धरून. 'दोन वर्षांत अडीचपट केलं' ही तक्रार मग टिकत नाही. दुसरी जागा ४० फुटी कंटेनरची. तो दोन टीईयू, म्हणून दुप्पट. कास्टिंग जड असतं आणि २० फुटी कंटेनरमध्ये जागा संपायच्या आधी वजन संपतं. अधिभार वजनावर नसून टीईयूवर असल्याने २६ टन भरलेला २० फुटी कंटेनर टनामागे सगळ्यात स्वस्त पडतो. काही कंपन्या जड कंटेनरवर वेगळी रक्कम लावतात. ती जहाजावरच्या वजनाच्या वाटणीसाठी असते, उत्सर्जनाच्या नावाखाली तिला घेऊ नका. तिसरी जागा भरलेल्या टक्केवारीची. भारताकडे परतताना कंटेनर कमी भरतात, म्हणून काही कंपन्या जाण्याच्या फेरीवर जास्त भार टाकतात. हे बेकायदा नाही, पण कोणत्या टक्केवारीने भागलं ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जहाज कंपन्या प्रत्येक फेरीचा वेगळा हिशेब करत नाहीत. एका व्यापारी मार्गाची सरासरी काढून, बहुधा तीन महिन्यांसाठी, दर जाहीर करतात. त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्याशी युरोपर्यंत जुळणार नाही. त्यांचा आकडा तुमच्या दीडपटीच्या आत असेल तर वाद घालून वेळ दवडू नका. दुप्पट-तिप्पट असेल तर हिशेब मेलवर पाठवा आणि कोणता आकडा चुकला ते विचारा. तोंडी विचारलं तर 'लाइनचा दर आहे साहेब' यापुढे उत्तर जात नाही. आकडे लिहून पाठवले की ते फॉरवर्डरच्या टेबलावरून कंपनीकडे जातात.

एका वर्षाच्या उत्सर्जनाचे परवाने कंपनीने पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत जमा करायचे असतात. जबाबदारी कंपनीची आहे, निर्यातदाराची नाही. तुमच्याकडून पैसे मात्र कंटेनर चढतानाच घेतले जातात. मागच्या वर्षीची 'थकबाकी' म्हणून कुणी नंतर बिल पाठवलं, तर करारातलं कलम दाखवल्याशिवाय भरू नका.

पायरी ३: फ्युएल-ईयू

हा नियम जाळलेल्या इंधनाच्या प्रतीवर आहे. तेल जमिनीतून काढण्यापासून इंजिनात जळेपर्यंतचं सगळं उत्सर्जन ऊर्जेच्या एककामागे मोजतात. आधाररेषा एका मेगाज्यूलला ९१.१६ ग्रॅम. २०२५ पासून त्यात २ टक्के घट, म्हणजे मर्यादा ८९.३४. २०३० ला घट ६ टक्के, २०३५ ला १४.५ आणि २०५० ला ८०. जड तेलाचा आकडा ९१.७४ पडतो, म्हणजे नुसतं जड तेल जाळणारं जहाज पहिल्याच वर्षी मर्यादेबाहेर. तुटीवरचा दंड जड तेलाच्या टनामागे सुमारे ६२ युरोवर जातो. बाहेरून येणाऱ्या फेरीची ऊर्जा इथेही निम्मीच धरतात, म्हणून ३१ युरो. आपल्या सुएझच्या फेरीला ते टीईयूमागे सुमारे ७ युरो आणि केपच्या फेरीला १२ च्या आत.

ही वरची मर्यादा समजा. जैवइंधन किंवा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) वापरणाऱ्या जहाजाची शिल्लक दुसऱ्या जहाजाच्या तुटीसमोर वळती करायची मुभा नियमातच आहे, त्यामुळे कंपनीला प्रत्यक्षात याहून स्वस्त पडू शकतं. म्हणून फ्युएल-ईयूची रक्कम ईटीएसच्या रकमेइतकीच दिसली तर ती नक्की जास्त आहे. काही कंपन्या दोन्ही एकाच ओळीत देतात. फोड मागा.

पायरी ४: सीआयआय, आणि तुमच्या डिलिव्हरीच्या तारखा

५,००० ग्रॉस टनेजवरच्या जहाजाला वर्षाअखेरीस ए ते ई अशी श्रेणी मिळते. वर्षभरातल्या कार्बनचे ग्रॅम भागिले जहाजाची वहनक्षमता गुणिले कापलेले मैल, हा त्याचा पाया. लागोपाठ तीन वर्षं डी किंवा एक वर्ष ई मिळाली, तर सुधारणेचा आराखडा लिहून मंजूर करून घ्यावा लागतो. दंड नाही. पण मोठे ग्राहक डी-ई जहाज भाड्याने घ्यायला कचरतात, म्हणून मालक श्रेणी सांभाळतात.

आपलंच जहाज घेऊ, वहनक्षमता १,००,००० टन. कंटेनरजहाजांसाठीचं संदर्भसूत्र १९८४ गुणिले क्षमतेचा उणे ०.४८९ घात. त्यातून ७.१२ ग्रॅम येतात. त्यावर दरवर्षी घट: २०२३ ला ५ टक्के, २०२४ ला ७, २०२५ ला ९, २०२६ ला ११. म्हणजे २०२६ ची अपेक्षा ६.३४ ग्रॅम.

जहाज वर्षाला ८५,००० मैल चाललं, समुद्रात १७,७०० टन जड तेल आणि बंदरात १,००० टन डिझेल जाळलं. डिझेलच्या टनामागे ३.२०६ टन कार्बन धरतात. एकूण ५८,३२४ टन. भागाकार केला की ६.८६ ग्रॅम. अपेक्षेच्या १.०८ पट. कंटेनरजहाजाला सी श्रेणीची वरची हद्द १.०७ पट, म्हणून हे जहाज डी मध्ये जातं. हेच जहाज, हेच तेल, हेच मैल २०२३ ला १.०१ पट होते, म्हणजे सी. जहाजात काहीही बिघडलेलं नाही; नियमाची रेषा खाली सरकली.

मालक मग काय करतो? वेग कमी करतो. लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाने बदलते आणि मैलामागचं तेल वर्गाने. १६ नॉटचे १५.२ केले, म्हणजे ५ टक्के कमी, तर मैलामागचं तेल जवळजवळ १० टक्के घटतं. पुन्हा हिशेब केला की ६.२३ ग्रॅम येतात, अपेक्षेच्या ०.९८ पट, आणि श्रेणी परत सी. केपच्या वाटेने याची किंमत दीड दिवस: २८.१ दिवसांचे २९.६ होतात.

आता हा दीड दिवस एकट्याने येत नाही. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून थांबलं की तेल जळतं आणि मैल शून्य, श्रेणी बिघडते. ती भरून काढायला पुढच्या टप्प्यावर वेग आणखी उतरतो. उबदार पाण्यात जास्त दिवस उभ्या राहिलेल्या जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात आणि त्याच वेगाला जास्त तेल लागतं. पाणबुडे उतरवून तळ घासणं, पंखा चकचकीत करणं हे उपाय स्वस्त आहेत, पण त्यासाठी जहाज थांबवावं लागतं. शिवाय ईईएक्सआय पाळण्यासाठी अनेक जुन्या जहाजांनी इंजिनाच्या शक्तीवर कायमची मर्यादा बसवली आहे. वादळात सुरक्षेसाठी कप्तान ती उठवू शकतो आणि त्याची नोंद करावी लागते. उशीर भरून काढण्यासाठी उठवता येत नाही. पूर्वी दोन दिवस मागे पडलेलं जहाज जोर लावून वेळ गाठायचं. आता तो भरवसा धरू नका.

आपल्याकडे खंडेनवमीच्या पूजेपासून दिवाळीपर्यंत कारखान्यांत सुट्ट्यांचं सत्र असतं आणि त्याआधी सगळ्यांनाच माल काढायचा असतो. त्या आठवड्यांतल्या ऑर्डरला कंपनीच्या वेळापत्रकातल्या दिवसांवर किमान चार-पाच दिवस स्वतःचे ठेवा. ग्राहकाला तारीख देताना 'जहाज सुटल्यापासून इतके दिवस' असं लिहा, पोहोचण्याची पक्की तारीख लिहू नका.

पायरी ५: जहाजाचे खरे आकडे मिळवा

नमुन्याच्या २०८ किलोऐवजी खरा आकडा मिळतो, आणि फुकट मिळतो. युरोपीय संघाच्या थेटिस एमआरव्ही या संकेतस्थळावर युरोपला जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाचं मागच्या वर्षाचं तेल, एकूण कार्बन आणि मैलामागचं सरासरी तेल दरवर्षी ३० जूनपर्यंत जाहीर होतं. २०१८ पासूनचे आकडे आहेत. त्यात बंदरात जाळलेलं तेलही धरलेलं असतं, त्यामुळे आकडा किंचित चढा येतो. सीआयआयची श्रेणी मात्र तिथे नसते. ती फॉरवर्डरमार्फत कंपनीकडे मागावी लागते.

शोधायचं जहाजाच्या नावाने नाही, आयएमओ क्रमांकाने. नावं बदलतात, सारखीही असतात. क्रमांक सात अंकी असतो आणि जहाज विकलं तरी बदलत नाही. तो बरोबर उतरवला का हे त्यातच तपासता येतं: पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक हाच सातवा अंक हवा. ९०७४७२९ घ्या: ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९, शेवटचा ९, आणि क्रमांकाचा सातवा अंकही ९. फोनवर ऐकून लिहिलेला क्रमांक आधी असा पडताळा, नाहीतर भलत्याच जहाजाच्या आकड्यांवर मेल लिहिली जाते.

पायरी ६: ग्राहक कार्बनचा दाखला मागतो तेव्हा

युरोपातले ग्राहक आता कंटेनरमागे वाहतुकीचं उत्सर्जन विचारतात. आपल्या नमुन्यात सुएझमार्गे ४,१५२ टन भागिले ५,९५०, म्हणजे टीईयूमागे सुमारे ७०० किलो. २६ टन कास्टिंग असेल तर मालाच्या टनामागे २७ किलो. इथे ईटीएसचं निम्मं धरू नका. ते पैशांसाठी आहे, दाखल्यात पूर्ण आकडा जातो.

यात रस्त्याचा भाग विसरू नका. बेळगाव ते न्हावा शेवा पुणे महामार्गाने साधारण ५०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला ३.३ किलोमीटर देते असं धरलं तर १५२ लिटर. रिकामा कंटेनर न्हावा शेवाहून कारखान्यात आणायला लिटरला ४.५ ने १११ लिटर. एकूण २६३ लिटर डिझेल, लिटरमागे २.६८ किलो कार्बनने सुमारे ७०५ किलो. म्हणजे रॉटरडॅमपर्यंतच्या सगळ्या समुद्राइतकंच उत्सर्जन आपल्या दारापासून बंदरापर्यंतच्या रस्त्यावर होतं. ग्राहकाला आकडा कमी करून दाखवायचा असेल तर जहाज बदलण्याआधी रिकामी फेरी वाचवा. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात कुणाचा तरी आयातीचा कंटेनर रिकामा होतच असतो. त्याच जहाज कंपनीचा असेल तर तो न्हावा शेवाला परत न नेता तुमच्या कारखान्यात भरायची परवानगी फॉरवर्डरमार्फत मागता येते. भरण्याआधी कंटेनरची तळफळी आणि दाराचं रबर तपासा. आयातीत तेलकट झालेला किंवा तळ वाकलेला कंटेनर जड कास्टिंगला चालत नाही.

दाखल्यात आधार लिहा: फक्त जळताना झालेलं उत्सर्जन, की तेल काढण्यापासूनचं? आयएसओ १४०८३ हे २०२३ चं मानक दुसरी पद्धत मागतं आणि त्यात समुद्राचा आकडा जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. एका टप्प्याला एक आणि दुसऱ्याला दुसरी पद्धत लावली तर बेरजेला अर्थ राहत नाही.

सीबॅम, म्हणजे युरोपात येणाऱ्या मालावरची कार्बन आकारणी, हा वेगळा विषय आहे. तो पोलाद आणि लोखंडाच्या ठरावीक मालाच्या उत्पादनातल्या कार्बनवर आहे, तयार माल नेणारं जहाज त्यात मोजत नाहीत. दोन्हींच्या फायली वेगळ्या ठेवा.

पायरी ७: हे सगळं करारात बसवा

एफओबी किंवा एफसीए या विक्रीच्या अटींवर विकत असाल तर समुद्रभाडं आणि त्यावरचे अधिभार ग्राहकाच्या खिशातून जातात. सीएफआर, सीआयएफ किंवा डीएपी विकत असाल तर तुमच्या. अडचण दुसऱ्या प्रकारात येते, कारण कास्टिंगची किंमत सहा महिने किंवा वर्षासाठी बांधलेली असते आणि अधिभार दर तिमाहीला हलतो. म्हणून किंमत देताना मूळ भाडं आणि उत्सर्जनाचे अधिभार वेगळ्या ओळीत दाखवा. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: ईटीएस आणि फ्युएल-ईयू प्रत्यक्ष बिलाप्रमाणे आकारले जातील, दर कोणत्या तारखेचा धरायचा, बुकिंगचा की बिल ऑफ लेडिंगचा (माल जहाजावर चढल्याच्या पावतीचा), मार्ग सुएझवरून केपवर किंवा उलट बदलला तर रक्कम दोन्ही दिशांना बदलेल, आणि रक्कम युरोत, रूपांतर कोणत्या दिवसाच्या दराने. तारखेचं कलम सुटलं तर तिमाही बदलताना एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा दर लागतो आणि फरक तुमच्यावर येतो.

एका वर्षापलीकडचा करार करत असाल तर पुढची शिडी माहीत हवी. सीआयआयची घट २०२७ ला १३.६२५ टक्के, २०२८ ला १६.२५, २०२९ ला १८.८७५ आणि २०३० ला २१.५ ठरली आहे. म्हणजे आतापर्यंत वर्षाला दोन टक्क्यांनी उतरणारी रेषा २०२७ पासून वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त उतरते. आयएमओने जगभरासाठी उत्सर्जनावर किंमत लावणारी चौकट एप्रिल २०२५ मध्ये तत्त्वतः मंजूर केली होती. ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत ती स्वीकारण्याचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. ती कधीही आली तर युरोपबाहेरच्या, म्हणजे दुबई, मोंबासा, ह्यूस्टनच्या कंटेनरवरही अशी ओळ येईल. तेव्हा करारात फक्त 'ईटीएस' न लिहिता 'जहाजाच्या उत्सर्जनावर कायद्याने लागू होणारी कोणतीही रक्कम, फोडीसह' असं लिहा. 'फोडीसह' हा शब्द गाळू नका, कारण पोर्ट रोटेशन, मैल, टक्केवारी आणि भागाकार मागण्याचा तुमचा हक्क त्यावर उभा आहे.